अनडूचं बटण: जुनी ओळ परत ठेवायची, की केलेलं काम उलटवायचं?

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगला मी पावत्यांचं सॉफ्टवेअर लिहून दिलं. अनडू, म्हणजे केलेला बदल मागे घ्यायची सोय, हे शेवटच्या आठवड्यात उरकायचं काम, असं तेव्हा मला वाटलं होतं.

हंगामात एक ट्रॅक्टर काट्यावर चढला. भरलेलं वजन ४,२८० किलो, रिकामं १,९३०, म्हणजे कापूस २३.५० क्विंटल. काट्यावरच्या पोराने नंतर चुकून दुसऱ्या गाडीचं रिकामं वजन, १,३९०, याच पावतीत टाकलं. त्याच्या लक्षात येईपर्यंत आत मुनीमजींनी त्या पावतीचा क्विंटलचा भाव ७,०५० वरून ७,१०० केला होता. पोराने ‘मागे घ्या’ दाबलं. वजन जागेवर आलं, पण सोबत भावही ७,०५० वर गेला. छापलेल्या पावतीत १,१७५ रुपये कमी. शेतकरी खिडकीशी येऊन म्हणाला, “भाऊ, मन्हा पन्नास रुपया कोन खाई गया?” खाल्ले होते माझ्या कोडने.

मी वापरली होती स्नॅपशॉटची पद्धत: बदलाआधी डेटाबेसमधली त्या पावतीची अख्खी ओळ जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या रूपात) कॉपी करून ठेवायची, अनडूला ती जशीच्या तशी परत लिहायची. लिहायला अर्ध्या दिवसाचं काम, आणि एकच माणूस वापरणार असेल तर चालूनही जातं. दोन माणसं एकाच ओळीवर आली की मात्र एकाचा अनडू दुसऱ्याचं काम पुसतो.

दुसरी पद्धत उलट कृतीची. ओळ न ठेवता काय केलं तेवढंच नोंदवायचं: पावती अमुक, कॉलम रिकामं वजन, आधी १,९३०, नंतर १,३९०. अनडू करताना फक्त तोच कॉलम मागे न्यायचा, आणि त्याआधी बघायचं की तिथे अजून १,३९० च आहे ना. नसेल तर मध्ये कुणीतरी हात लावलाय. गुपचूप न लिहिता तसं स्क्रीनवर सांगायचं. ही तपासणी वेगळ्या सिलेक्टने (वाचायच्या आज्ञेने) करू नका, अपडेटच्याच (बदलायच्या आज्ञेच्या) व्हेअरमध्ये, म्हणजे अटीत, घाला. किती ओळी बदलल्या ते शून्य आलं की मध्ये कुणी हात लावलाय असं समजायचं. मेहनत जास्त, कारण प्रत्येक कृतीची उलटी कृती विचार करून लिहावी लागते. डिलीटची तर फारच. काढलेली ओळ परत घालताना जुनाच आयडी (ओळीचा ओळख क्रमांक) द्यायचा. नवा आयडी पडू दिला, तर तिच्यावर टांगलेल्या बाकीच्या नोंदी पोरक्या होतात.

‘मग डेटाबेसचा रोलबॅक कशाला आहे?’ असं नवीन पोरं हमखास विचारतात. रोलबॅक म्हणजे अजून पक्के न झालेले बदल रद्द करणं; कमिट झालं, म्हणजे बदल पक्के झाले, की रोलबॅक संपला. अनडूसाठी ट्रान्झॅक्शन (कमिटपर्यंतचा बदलांचा गट) उघडं ठेवून बसलात, तर ज्या ओळीला हात लावला तिचं लॉक तुमच्याकडे, आणि मुनीमजी तिकडे गोल फिरणारं चक्र बघत बसतात. हा पर्याय यादीतच धरू नका.

एकट्याच्या ॲपसाठी मात्र एक सुंदर सोय आहे. रावेरकडच्या एका केळीवाल्याला लॅपटॉपवर बागेचा हिशेब हवा होता, मृगबाग वेगळी, कांदेबाग वेगळी. तिथे मी एसक्यूलाइट घेतलं, एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस. त्यांच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ट्रिगरने अनडू करायची रीत दिलेली आहे. प्रत्येक टेबलावर तात्पुरते ट्रिगर, म्हणजे बदल झाला की आपोआप चालणारे आदेश, बसवायचे. ते प्रत्येक बदलाचं उलटं एसक्यूएल वाक्य एका तात्पुरत्या टेबलात लिहून ठेवतात. अनडू म्हणजे ती वाक्यं शेवटाकडून चालवणं. गंमत पुढे आहे: ती वाक्यं चालताना तेच ट्रिगर पुन्हा उडतात आणि रीडूची, म्हणजे मागे घेतलेलं पुन्हा करायची, वाक्यं आपोआप तयार होतात. एक ठेच मला लागली. अख्खी बाग डिलीट केली की तिच्या खताच्या नोंदी कॅस्केडने, म्हणजे तिच्यामागोमाग आपोआप, जातात. अनडूच्या उलट्या क्रमात त्या बागेच्या आधी परत यायला बघतात आणि फॉरेन की (नोंदीची बाग अस्तित्वात हवी, ही डेटाबेसची अट) अडवते. ती तपासणी कमिटपर्यंत पुढे ढकलली की काम होतं. आणि ॲप बंद केलं की अनडू गेला, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

टेम्पोरल टेबल, म्हणजे स्वतःचा इतिहास ठेवणारं टेबल, हा काही डेटाबेसमधला तयार माल आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून, मारियाडीबीत १०.३ पासून. ओळीची प्रत्येक जुनी आवृत्ती डेटाबेस स्वतः सांभाळतो. काल दुपारी भाव काय होता, याचं उत्तर झकास मिळतं. पण एका क्लिकने तीन टेबलं बदलली, तर ते तिन्ही बदल एकाच कामाचे आहेत हे त्याला आपणहून कळत नाही. कृतीचा क्रमांक तुम्हालाच लिहावा लागतो. मी त्याला अनडू म्हणणार नाही. इतिहास म्हणेन, आणि त्यासाठी जरूर घेईन.

इव्हेंट सोर्सिंगबद्दल थोडक्यात: नोंदी फक्त वाढत जातात, सध्याची स्थिती त्यांतून काढायची. दोन माणसांच्या टीमने सगळं ॲप तसं लिहायला घेऊ नये. गठाणींचा साठा आणि पैसे, एवढ्यापुरतं ठीक.

पैशांना तर अनडू नकोच. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहावा लागतो, आणि तो बंद करता येता कामा नये. भागीदारीतल्या जिनिंगला हा नियम लागू नसला, तरी मुनीमजी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेत: खोडायचं नाही, उलटी नोंद टाकायची.

आता तुमचं काय. एकच वापरणारा असेल तर एसक्यूलाइटचे ट्रिगर, डोळे झाकून. दोन-चार जण एकाच डेटाबेसवर असतील तर उलट कृती, कॉलमनिहाय, आधीची किंमत तपासून, आणि अनडूची रांग प्रत्येकाची वेगळी. पोराने दाबलं तर पोराचंच शेवटचं काम मागे जावं, मुनीमजींचं नाही. रांगेला मी वीस पायऱ्यांची मर्यादा घातली आहे. अनडूनंतर नवं काही केलं की रीडूची रांग रिकामी करतो. रीडूच्या अशा सुटलेल्या वाटा फांद्यांसारख्या जपायचा हौशी प्रयत्न एकदा केला होता. कुणी वापरल्या नाहीत.

जिनिंगचं सॉफ्टवेअर मी त्याच हंगामात असं बदललं. मुनीमजींनी एक भर घालायला लावली: पावती छापली की ‘मागे घ्या’ बटण दिसतच नाही, त्या जागी ‘दुरुस्ती पावती’ येतं, आणि तिच्यावर मूळ पावतीचा नंबर छापला जातो.