झेनची धाप आणि उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज

या गॅरेजला पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

माझी गाडी 2003 ची झेन, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो). गेल्या पावसाळ्यापासून तिला धाप लागायची. सिग्नलला थांबले की इंजिन ऊंऽऽ करत चढायचं, आता बंद पडतंय की काय असं खाली यायचं, की पुन्हा ऊंऽऽ. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा, "बाई, रेस कशाला देताय?" माझा पाय ब्रेकवर होता. गाडीला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे कुणाला पुरावा दाखवायचीही सोय नाही. गणित शिकवते, म्हणून शेवटी घड्याळ लावून मोजलं : मिनिटाला चौदा चढउतार. एसी लावला की जरा शांत, ब्रेक दाबला की गडबड. सगळं शाळेच्या डायरीत लिहून ठेवलं.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली होती. नाव लिहीत नाही. तिथं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली, चारही प्लग बदलले, आयडलिंगचा (गाडी उभी असताना इंजिन हळू चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह "बदलून बघू" म्हणत तोही बदलला. बिल 8,200. तीन दिवस बरी चालली, चौथ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. परत गेले तर सल्ला मिळाला, "मॅडम, जुनी गाडी आहे, काढून टाका." मग चिडून ऑनलाइन एक निळं ब्लूटूथ स्कॅनर मागवलं. आपल्याकडे गाड्यांना ओबीडीची, म्हणजे असं स्कॅनर लावून दोष वाचता येण्याच्या सोयीची, सक्ती 2010 पासून टप्प्याटप्प्यानं आली. झेन त्याआधीची, ती त्या डबीशी बोलेचना. डबी आता भाच्याच्या गाडीत आहे.

शेवटी शाळेतल्या शिपाईमामांनी उद्यमनगरातलं हे गॅरेज सांगितलं. पाटी नाही. दोन लेथवाल्यांच्या मधला पत्र्याचा गाळा, आत एक गाडी मावते, दुसरी रस्त्यावर. मिस्त्री साठीच्या घरातले. मी गाडी चालूच ठेवून "ऐका ना" म्हणाले, तर म्हणतात, "बंद करा आदी. तुमी बोला, मग ती बोलंल."

आणि खरंच दहा मिनिटं बोनेट उघडलं नाही. थंड असताना करती का तापल्यावर? कवापास्नं? त्याच्या आधी काय काम केलंतं? मी डायरी काढली. त्यांनी हात पुसून ती वाचली आणि पोऱ्याला हाक मारून दाखवली. मग विचारलं, "ब्रेक जड लागतोय का?" लागत होता. मी तो दोष माझ्या गुडघ्याला देत होते.

"बाई, गाडी हवा खातीया."

पुढची वीस मिनिटं मी तिथंच उभी राहून पाहिली. इंजिन चालू. ब्रेक बूस्टरकडे (इंजिनच्या ओढीवर ब्रेक हलका करणारा डबा) जाणारा, अंगठ्याएवढा जाड काळा व्हॅक्यूम पाइप असतो. त्यावर फडकं गुंडाळून, इंजिनच्या बाजूला, त्यांनी पक्कडीनं तो दाबला. धाप थांबली. सोडला, पुन्हा सुरू. तीनदा करून दाखवलं. मग पोऱ्यानं साबणाच्या पाण्याची बाटली आणली. पाइपच्या वळणावर फवारा मारताच सुस्कारा थांबला आणि इंजिनचा सूर बदलला. पाइप काढून वाकवला तेव्हा खालच्या बाजूला, वरून कधीच दिसणार नाही अशी, नखाएवढी चीर उघडली. एरवी मिटलेली. टाचेला पडलेल्या भेगेसारखी.

चिरेतून हवा गेली तर इंजिन असं नाचतं कशाला, हे मी विचारलंच. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत : थ्रॉटल बंद असूनही चिरेतून जास्तीची हवा आत शिरते. आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला तो वाढलेला दिसतो, कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोल वाढवतो, रेस चढते. आता कॉम्प्युटरला दिसतं की पाय तर उचललेला आहे आणि इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे गाडी उतारावर असणार. तो पेट्रोल तोडतो. रेस पडते, तो घाबरून पुन्हा पेट्रोल देतो. मिनिटाला चौदा वेळा. प्लग बदलून यात काय फरक पडणार होता?

नवा पाइप, दोन क्लिप. पण काम संपलं नव्हतं. धाप गेली तरी आयडलिंग चढंच राहिलं. टॉर्च मारून त्यांनी थ्रॉटलची झडप कुठवर मिटायची ते ठरवणारा स्टॉप स्क्रू दाखवला : कंपनीचा रंग उडालेला, खाचेत ताजे चकाकते ओरखडे. आधी कुणीतरी तो पिळून रेस वाढवून दिली होती, गाडी बंद पडू नये म्हणून. "ह्याला हात लावायचा नसतोय," एवढंच म्हणाले आणि कानानं ऐकत स्क्रू मागे घेतला. ब्रेक पहिल्या दिवसासारखा हलका झाला. खरं तर हीच मोठी गोष्ट, कारण तो पाइप पूर्ण फाटला असता तर गायमुखाच्या उतारावर माझी काय अवस्था झाली असती!

एकूण 750 रुपये, मजुरीसकट. जुना पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला.

आता कापलेला एक गुण. बसायला जागा नाही, मी पावणेदोन तास उभी होते, मधे चहा आला एवढंच. बिल छापील मिळत नाही, वहीच्या पानावर आकडा. आधी फोन केला तर "या की" म्हणतात आणि गेल्यावर पुढे तीन गाड्या असतात. स्टीअरिंगवर काळे ठसे राहिले, ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. डिझेल गाडी ते घेत नाहीत, उगाच नेऊ नका.

एसी लावल्यावर आयडलिंग अजून जरासं खाली बसतं. तेही बघा म्हटलं, तर म्हणाले, "आता थंडीत कशाला, उन्हाळ्याच्या तोंडाला या. आणि ती डायरी आणा."