बॉस कटाना मिनी: फ्लॅटमध्ये रोज वाजवायचा छोटा अ‍ॅम्प, काही महिन्यांच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक गिटार घेताना बहुतेकांचं बजेट गिटारवरच संपतं आणि अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, उरल्यासुरल्या पैशांत येतो. माझ्या मते अ‍ॅम्पचा विचार गिटारच्या बरोबरीने व्हायला हवा. तारेचं कंपन पिकअप (तारांखाली बसवलेलं चुंबकाचं वेटोळं) पकडतो खरा, पण कानाला जो आवाज ऐकू येतो त्यातला मोठा भाग अ‍ॅम्प आणि त्याचा स्पीकर घडवतात. साधी गिटार चांगल्या अ‍ॅम्पवर छान वाजते. महागडी गिटार रद्दी अ‍ॅम्पवर कधीच छान वाजत नाही.

मी डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहते. लोकलने घरी पोचेपर्यंत आठ वाजलेले असतात, जेवणं आटोपून वाजवायला बसेपर्यंत साडेनऊ. भिंतीपलीकडे दहावीची मुलगी अभ्यास करत असते. माझ्यासारख्या परिस्थितीत वाजवणारे खूप जण आहेत, हा अनुभव त्यांच्यासाठी लिहिते आहे. गिटार यामाहा पॅसिफिका 012, म्हणजे ब्रिजजवळ (तारा अंगाला जिथे अडकवलेल्या असतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, आणि पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे. अ‍ॅम्प बॉस कटाना मिनी: 7 वॅट, 4 इंची स्पीकर, वजन सव्वा किलोच्या आसपास. मी घेतला तेव्हा किंमत दहा हजारांच्या आतबाहेर होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरातल्या अ‍ॅम्पची खरी परीक्षा एकच: टीव्हीच्या आवाजाइतक्या व्हॉल्यूमला त्याचा क्लीन टोन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ आवाज, कसा लागतो. वॅट किती, इफेक्ट किती, अ‍ॅप आहे का, हे सगळं त्यानंतर.

वॅटबद्दल दुकानात फार गैरसमज ऐकू येतात. वीस वॅटचा अ‍ॅम्प दहा वॅटच्या दुप्पट मोठा वाजतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे सात आणि दहा वॅटमधला फरक घरात जवळजवळ कळतही नाही. स्पीकरचा आकार आणि डबा कसा बांधलाय, यानेच जास्त फरक पडतो. उलट मोठा अ‍ॅम्प अगदी बारीक लावला की व्हॉल्यूमचं बटण एका केसाएवढ्या अंतरात फिरवावं लागतं: जरा इकडे शांतता, जरा तिकडे शेजारी दारात.

कमी आवाजात सगळेच अ‍ॅम्प थोडे पातळ वाटतात, आणि त्याला कारण आपला कान आहे. आवाज लहान झाला की कानाला खालचे सूर जास्त वेगाने कमी ऐकू येतात. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं. म्हणून रात्री वाजवताना मी बेसचं बटण दिवसापेक्षा थोडं पुढे नेते. कटाना मिनीवर बेस, मिडल, ट्रेबल अशी तीन वेगळी बटणं आहेत आणि या आकाराच्या अ‍ॅम्पमध्ये मला सर्वांत जास्त उपयोग यांचाच झाला. अनेक छोट्या अ‍ॅम्पवर टोनचं एकच बटण असतं. त्यात आवाज टोचायला लागला की तुम्ही ते मागे घेता, आणि टोचणं कमी होता होता सगळा जीवच जातो. मिडल वेगळं असलं की ट्रेबल कमी करूनही गिटार पुढे राहते.

चार इंची स्पीकरकडून अपेक्षा मात्र माफक ठेवा. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर वाजते. एवढ्याशा कागदी कोनातून तो मूळ सूर पूर्ण भरून येत नाही. वरच्या पट्टीतल्या आनुषंगिक सुरांवरून कान तो ओळखून घेतो, म्हणून सूर चुकीचा वाटत नाही, पण छातीत धडकणारं वजन मिळत नाही. पॉवर कॉर्डवरचे (दोन स्वरांच्या जाड कॉर्डवरचे) पाम म्यूट, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेले ठोके, वाजवताना हे सर्वांत जास्त जाणवतं. ज्याला फक्त मेटल वाजवायचंय त्याने याहून मोठ्या स्पीकरचा अ‍ॅम्प बघावा.

आता रोजच्या वापराचं. टाइपचा एक स्विच आहे: ब्राउन (खूप फाटलेला आवाज), क्रंच (थोडा फाटलेला), क्लीन. बस, इतकंच. माझा बहुतेक वेळ क्लीनवर जातो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, सगळे स्वर दाबून एका उंचीवर येतात, त्यामुळे डाउनस्ट्रोक जोरात आणि अपस्ट्रोक हलका पडतोय हे लपून जातं. क्लीनवर ते लगेच उघडं पडतं. बारेचा (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) एफ कॉर्ड वाजवताना दुसरी तार नीट दाबली गेलेली नाही, हेही क्लीनवरच कळतं. शिकणाऱ्याने याच टोनवर जास्त तास घालवावेत असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच क्लीन गोड नसेल तो अ‍ॅम्प शिकणाऱ्याने घेऊ नये. कानाला न आवडणाऱ्या आवाजावर कुणी रोज बसत नाही.

क्रंचवर मात्र एक मजा आहे. टाइप क्रंच, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) घड्याळातल्या बारावर, पिकअप ब्रिजचा हंबकर. आता गिटारचं व्हॉल्यूम दहावर ठेवून वाजवा, आवाजाला काठ येतो. तेच व्हॉल्यूम पाचवर आणा, काठ विरघळतो आणि जवळजवळ क्लीन उरतं. अ‍ॅम्पला हातही न लावता, करंगळीने बटण फिरवत ऱ्हिदम आणि लीड असे दोन आवाज मिळतात. यातला गेनचा भाग अ‍ॅनालॉग सर्किटचा आहे, आणि करंगळीच्या हालचालीला तो लगेच दाद देतो. काही डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्पवर (वेगवेगळ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या अ‍ॅम्पवर) मला हा बदल इतका सलग मिळाला नव्हता.

रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत आवाज घुमल्याचा परिणाम, यात नाही. जुन्या टेप डिलेसारखा एक डिले, म्हणजे प्रतिध्वनी, आहे, टाइम आणि लेव्हल अशा दोन बटणांचा. टाइम अगदी कमी आणि लेव्हल जेमतेम उघडली की खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटते. कोरड्या आवाजाचा कंटाळा आला की मी हेच करते. ज्यांना भरपूर रिव्हर्बमध्ये सावकाश वाजवायला आवडतं त्यांना मात्र हे पुरणार नाही.

अ‍ॅम्प कुठे ठेवता याला किंमतीइतकंच महत्त्व आहे. जमिनीवर ठेवला की स्पीकर घोट्यांकडे तोंड करून वाजतो. ट्रेबल सरळ रेषेत जातो, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर जमिनीवर बसलेल्याचे कान किटतात. मी लाकडी स्टुलावर ठेवते, मागून एक जाड पुस्तक लावून तोंड कानाकडे तिरपं. भिंतीच्या कोपऱ्याजवळ सरकवला की बेस वाढतो, बाहेर ओढला की कमी होतो. लोखंडी कपाटावर ठेवू नका, ठरावीक स्वरांना दार खडखडतं आणि माणूस अ‍ॅम्पमध्ये दोष शोधत बसतो.

गुंगुं आवाजाबद्दल सगळे विचारतात. आपली वीज 50 हर्ट्झची. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं, ते गिटारच्या तारांसोबत आसपासचं विजेचं क्षेत्रही पकडतं. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, म्हणून त्यात हा आवाज बराच विझतो. अ‍ॅम्प सेलवर चालवला तर विजेच्या तारेतून येणारी घाण थांबते, पण पिकअपने हवेतून पकडलेली थांबत नाही. आमच्याकडे मुख्य गुन्हेगार निघाले चोकची जुनी ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर. सिंगल कॉइलवर खुर्ची थोडी थोडी वळवून बघा: एका कोनात गुणगुण अगदी खाली जाते. त्याच दिशेला तोंड करून बसायचं. लॅपटॉपचा चार्जरही हातभर लांब ठेवा. आणि तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घाबरायचं कारण नाही, तारा गिटारच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात म्हणून तसं होतं. विजेवर चालणारा अ‍ॅम्प असेल आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं आणि मागे अर्थची वायरच नसते.

कटाना मिनीला सहा पेन्सिल सेल लागतात, अल्कलाइनवर साधारण सात तास चालतो असं कंपनी सांगते. मी चार्ज होणारे सेल वापरते, दोन संच आलटून पालटून. अडॅप्टर सोबत येत नाही, हा खर्च आधीच धरा. तो 9 व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह असलेला लागतो. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर लावू नका. ते बहुधा 12 व्होल्टचे असतात आणि त्यांची मधली पिन पॉझिटिव्ह असते.

सेलवर चालण्याचा फायदा मला आधी किरकोळ वाटत होता, आता तो सर्वांत मोठा वाटतो. वायर सोडवायची नाही, सॉकेट शोधायचं नाही. भात शिजेपर्यंतच्या पंधरा मिनिटांतसुद्धा गिटार हातात येते. कोजागिरीला आम्ही सोसायटीच्या गच्चीवर नेला होता. सोबत एक साधी गिटार आणि एक काहोन, म्हणजे वर बसून वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे बेस कुठल्या कुठे निघून गेला. मग अ‍ॅम्प पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पाठ लावून ठेवला, तेव्हा आवाजात पुन्हा भरीवपणा आला. वीसएक माणसांना व्यवस्थित ऐकू गेलं. ड्रमसेटसमोर मात्र हा टिकणार नाही, तशी अपेक्षाही करू नका.

रात्री दहानंतर हेडफोन. जॅक घातला की स्पीकर बंद होतो. हेडफोनमध्ये येणाऱ्या आवाजाला स्पीकर कॅबिनेटचा रंग दिलेला आहे, म्हणून तो माशीसारखा करकरत नाही. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो आणि छेडणं व ऐकणं यांतलं ते अंतर ताल बिघडवतं. बॅकिंग ट्रॅकसाठी (सोबतीला लावायच्या संगीतासाठी) ऑक्स इन, म्हणजे फोन जोडायचा जॅक, आहे. या मॉडेलमध्ये ब्लूटूथ नाही, त्यामुळे हल्लीच्या फोनला छोटा कन्व्हर्टर आणि 3.5 मिमीची केबल लागते. मी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून त्यावर सरगम वाजवते. षड्ज सतत कानात असला की बेंड करताना, म्हणजे तार बोटाने ओढून स्वर चढवताना, तो कुठपर्यंत न्यायचा ते आपोआप कळायला लागतं. गिटारवाल्यांनी हे करून बघाच.

घरातल्या म्युझिक सिस्टीमलाच गिटार लावली तर चालेल का, असं पालक विचारतात. आवाज येईल, पण तो गिटारचा वाटणार नाही. पिकअपला साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, म्युझिक सिस्टीमचा इनपुट त्यामानाने फार कमी ओहमचा असतो, तिथे पिकअपचा जीव दबतो. वर गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज आपसूक गाळतो, आणि डिस्टॉर्शनची कचकच नेमकी तिथेच असते. म्युझिक सिस्टीम ती सगळी जशीच्या तशी ऐकवते.

घेण्याआधी इतर पर्याय वाजवून बघितले होते. फेंडर फ्रंटमन 10जी मध्ये 10 वॅट आणि 6 इंची स्पीकर, त्यामुळे क्लीन कटानापेक्षा भरदार. गेन, व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस, हेडफोन आणि ऑक्स, सगळं आहे. फक्त विजेवर चालतो. अ‍ॅम्प एका जागी राहणार असेल आणि पैसे मोजून खर्च करायचे असतील तर मी पहिलं नाव याचंच सांगेन. ब्लॅकस्टार फ्लाय 3 हा 3 वॅटचा, 3 इंची स्पीकरचा, टेबलावर मावणारा. प्रवासाला उत्तम, पण रोजचा एकमेव अ‍ॅम्प म्हणून मला तो अपुरा वाटला. गिटारमध्येच खोचायचा व्हॉक्स अ‍ॅमप्लग हॉस्टेलवर राहणाऱ्यांना पुरतो, मात्र सगळं वाजवणं हेडफोनमध्येच होतं. अ‍ॅपवर चालणारे अ‍ॅम्प ताकदवान आहेत, त्यांत शेकडो टोन मिळतात. पण नव्याने शिकणाऱ्याचा अर्धा तास टोन निवडण्यातच जातो हे मी आमच्या भाच्याच्या बाबतीत बघितलंय. दोन-तीन वर्षं वाजवून झालेल्याने ते घ्यावेत. कटाना मिनी एक्स नावाचं पुढचं मॉडेलही आलंय, 10 वॅट, 5 इंची स्पीकर, आत चार्ज होणारी बॅटरी. किंमत वाढते, पण सेल आणि अडॅप्टरचा खर्च धरला तर फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही.

शक्य असेल तर दुकानात जाऊन, स्वतःची गिटार नेऊन वाजवा. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात अ‍ॅम्प लावून दाखवतात. दुकानदार आधी डिस्टॉर्शन आणि मोठा आवाज लावून देईल, त्याला क्लीनवर आणायला सांगा, व्हॉल्यूम आपण दोघं बोलतोय तेवढ्यावर आणा, आणि एकच जी कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत ऐका. जुना घेत असाल तर प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून खरखर येते का बघा, केबलचा जॅक हलवून आवाज तुटतो का बघा, हेडफोन लावून दोन्ही कानांत येतंय याची खात्री करा, आणि सेलचं झाकण उघडून स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर जमलेला नाही ना ते नक्की तपासा.