विंडोज १०: सुधारणा थांबल्यानंतरचे महिने

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा जुना लॅपटॉप त्यानंतरही त्यावरच चालू आहे आणि शेजारी विंडोज ११ चं नवं मशीन आहे. काम दोन्हींवर विभागलेलं असतं, त्यामुळे तुलना रोजच होते. पहिल्या आठवड्यातलं कौतुक आणि चिडचिड दोन्ही ओसरल्यावर हे लिहितेय.

निकाल आधीच सांगून टाकते. विंडोज १० आता जेवढं सुखाचं वाटतंय तेवढं ते ऐन भरात असतानाही वाटत नव्हतं. त्यात आता नवीन काही येत नाही, हेच त्याचं कारण. सपोर्टची वाढीव मुदत घेतली की फक्त सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, येतात. मशीन रीस्टार्ट होतं आणि सगळं काल होतं तिथेच असतं. कुठलं बटण हललेलं नसतं, 'नवीन काय आहे ते बघा' म्हणत कोणी आडवं येत नाही.

जुन्याला चिकटून बसणारे आळशी, त्यांना बदल नको असतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. पहिली गोष्ट म्हणजे, कित्येकांना निवडीला वावच नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझ्या लॅपटॉपमध्ये सातव्या पिढीचा आय५ आहे. एसएसडी घातली, रॅम वाढवली, तो आजही झपाझप चालतो. पण मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही म्हणजे नाही.

दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. माझा टास्कबार अनेक वर्षं स्क्रीनच्या डाव्या कडेला उभा आहे. आजकालच्या स्क्रीन रुंद असतात, उंचीला कमी. खालची पट्टी काढून बाजूला नेली की कागदपत्राच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात आणि उघडलेल्या फाइलींची नावं एकाखाली एक वाचता येतात. 'मसुदा जुना', 'मसुदा नवा', 'मसुदा नक्की कोणता' अशा तीन फाइली उघड्या असताना ही यादी म्हणजे मोठा आधार. विंडोज ११ २०२१ मध्ये आलं तेव्हा टास्कबार कडेला नेण्याची सोय काढलेली होती. नावंही गेली, एका प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या एकाच चिन्हामागे गोळा झाल्या. फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची सोय पुढच्या वर्षी परत आली, नावं २०२३ मध्ये. जे आधीपासून होतं तेच दोन वर्षांनी सुधारणा म्हणून हाती पडलं. लोकांचा राग इथे आहे, गोलाई दिलेल्या कोपऱ्यांवर नाही.

राइट-क्लिकचंही तेच. ११ मध्ये कट, कॉपी ही सुरुवातीला नुसती चिन्हं होती, नावं नंतर आली. इतर प्रोग्रॅमच्या बऱ्याच आज्ञा 'आणखी पर्याय दाखवा'च्या मागे. एक क्लिक वाढला, एवढंच. पण ज्याला दिवसभर फाइलींशी झटायचं असतं त्याला विचारा.

माझ्याकडे एक जुना स्कॅनरही आहे. कंपनीने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो विंडोजशी जोडून देणारा प्रोग्रॅम, अपडेट करणं कधीच सोडून दिलंय. नव्या मशीनवर मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा सोय चालू आहे आणि ती असले जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करता येते, पण एका स्कॅनरसाठी घराचं दार उघडं टाकायची माझी तयारी नाही. स्कॅनिंग जुन्या लॅपटॉपवरच होतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण आपली स्मरणशक्ती सोयीची असते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा त्याच्या निळ्या-हिरव्या रूपाला अनेकांनी खेळण्यातलं म्हणून नाक मुरडलं होतं. ते खऱ्या अर्थाने मार्गी लागलं २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नंतर. विंडोज १० लासुद्धा २०१५ मध्ये सक्तीच्या अपडेट्सवरून आणि माहिती गोळा करण्यावरून भरपूर शिव्या पडल्या. आज त्याच सिस्टिमसाठी लोक गळे काढतात. म्हणून मला वाटतं, लोकांना जुनं आवडतं असं नाही, पुरं झालेलं आवडतं. ॲपलने २००९ मध्ये मॅकची स्नो लेपर्ड ही आवृत्ती आणताना नवीन फीचर्स शून्य अशी उघड जाहिरात केली होती, आणि मॅकवाले आजही त्याचं नाव काढतात. विंडोजच्या एलटीएससी (दीर्घ मुदतीच्या सपोर्टच्या) आवृत्त्याही याच तत्त्वावर चालतात: वर्षानुवर्षं फक्त पॅच, नवीन काही नाही. सामान्य ग्राहकाला त्या रीतसर विकल्या जात नाहीत, हे मात्र खटकतं.

पण पॅचशिवाय जुनं वापरणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा एक्सपीसाठीही तातडीचा पॅच काढावा लागला. तरी प्रत्यक्षात बळी पडलेली बहुतेक मशीन्स विंडोज ७ ची होती, आणि त्यांच्यासाठी पॅच मार्चमध्येच आलेला होता. धोका सिस्टिमच्या वयात कमी आणि न लावलेल्या पॅचमध्ये जास्त असतो. 'माझ्याकडे अँटिव्हायरस आहे' हे त्यावर उत्तर नाही.

वाढीव मुदत घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून नोंदणी होते आणि तिला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. अकाउंटची कटकट नको म्हणून १० वर थांबलेल्यांना हे वाचून काय वाटलं असेल!

विंडोज ११ ची बाजूही आहे. एक्सप्लोररमधले टॅब मला जुन्या लॅपटॉपवर रोज आठवतात. बाहेरचा मॉनिटर काढून पुन्हा जोडला की खिडक्या आपापल्या जागी परततात, हे तर १० ला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. नवं मशीन घेतलेल्यांनी ते पुसून १० टाकण्यात काही अर्थ नाही.

जुनं मशीन असेल तर नोंदणी करा आणि ब्राउझरवर लक्ष ठेवा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण क्रोमने ते सोडलं २०२३ च्या सुरुवातीला, १०९ व्या आवृत्तीनंतर. रोजच्या वापरात सिस्टिम म्हातारी झाल्याचं आधी ब्राउझरमध्येच जाणवतं. बँक आणि ईमेल मी आत्ताच नव्या मशीनवर हलवलंय. पॅच थांबले की जुन्या लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो फक्त स्कॅनरसाठी ठेवणार, आणि फाइली पेनड्राइव्हने इकडून तिकडे.