माझी रोजची टूल्स, सगळी शोधाशोधीचीच

कोड लिहायला कोणता एडिटर वापरतेस हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि खरं सांगायचं तर एडिटर कुठलाही चालतो, हात बसला की झालं. मी व्हीएस कोड वापरते, त्यात एफ12 दाबलं की फंक्शन जिथे लिहिलंय तिथे जाता येतं आणि शिफ्ट-एफ12 ने ते कुठेकुठे वापरलंय ते दिसतं, या दोन गोष्टींवर माझं भागतं. पण दिवसभरात नवीन कोड लिहितो तरी किती आपण? बाकी सगळा वेळ शोधण्यात जातो, ही व्हॅल्यू येते कुठून, ही ओळ कधी घुसली, परवा चाललेली ती लांबलचक कमांड काय होती. म्हणून मला जी टूल्स मनापासून आवडतात ती सगळी शोधून देणारी आहेत.

पहिला नंबर रिपग्रेपचा, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाइल्समध्ये एखादा शब्द शोधून देणाऱ्या टूलचा. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आरजी ही त्याची कमांड, स्पेस, शब्द, एंटर, बस. अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट या भाषेत लिहून 2016 मध्ये आणलं आणि फुकट आहे. वेग तर भन्नाट आहेच पण मला त्याची समज जास्त आवडते, म्हणजे गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने सोडून द्यायच्या फाइल्सच्या यादीत, जे टाकलंय ते आपोआप सोडतं, हिडन फाइल्स सोडतं, बायनरी (टेक्स्ट नसलेल्या फाइल्स) सोडतं, त्यामुळे नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या कोडच्या, त्या अजस्र फोल्डरमधला कचरा समोर येत नाही, फक्त आपला कोड येतो. मात्र हीच समज एकदा मला महागात पडली. एका सेटिंगचं नाव शोधत होते, काहीच सापडेना, मग अर्धा दिवस भलत्याच दिशेने गेला आणि शेवटी ते निघालं सेटिंग्ज ठेवायच्या एन्व्ह फाइलमध्ये, जी डॉटने सुरू होते म्हणून हिडन आणि गिटइग्नोरमध्येही होती. तेव्हापासून "काहीच नाही" असं उत्तर आलं की मी मायनस यूयू लावून परत शोधते, एका यू ने इग्नोर केलेल्या फाइल्स येतात, दोन लावले की हिडन पण. हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

आता गिट. गिट सगळेच वापरतात पण कमिट (बदलांची एक नोंद), पुश, पुल यापलीकडे बरेच जण जात नाहीत आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यात गिट बायसेक्ट नावाचं रत्न आहे. एका रिपोर्टमध्ये महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बेरीजच येत नव्हती, जुन्या रिलीजमध्ये बरोबर यायची, आणि मधे हजाराच्या आसपास कमिट्स. एकेक वाचत बसलं तर आठवडा गेला असता. बायसेक्टला सांगायचं की हा कमिट चांगला, हा वाईट, मग ते बरोबर मधला काढून देतं, तुम्ही चालवून बघायचं आणि चांगला की वाईट ते सांगायचं, दरवेळी निम्मे कमिट्स बाद. हजाराला साधारण 10 फेऱ्या पुरतात. माझ्या 10 फेऱ्या अर्ध्या तासात झाल्या आणि सापडला तो कमिट ज्याचा मेसेज होता "फक्त फॉरमॅटिंग", आणि त्यात एका ठिकाणी तारखेच्या तुलनेतलं बरोबरचं (=) चिन्ह उडालेलं. मेसेज वाचून मी तो कमिट कधीच उघडला नसता! टेस्टची स्क्रिप्ट असेल तर बायसेक्ट रन वापरा, स्क्रिप्टने शून्य परत दिलं तर चांगला, 125 दिलं तर तो कमिट सोडून द्यायचा, बाकी सगळं ते स्वतः करतं, तुम्ही चहा पिऊन या. यात अट एकच, कमिट्स छोटे आणि चालणारे हवेत, चारशे फाइल्सचा एकच कमिट सापडून काय करणार.

त्याच्याच जोडीला गिट लॉग मायनस कॅपिटल एस. एखादा शब्द कोडमध्ये पहिल्यांदा कधी आला किंवा कधी उडाला ते सांगतं. डिलीट झालेलं फंक्शन शोधायला याच्यासारखं काही नाही, कारण ते आजच्या फाइल्समध्ये नसतंच, तिथे रिपग्रेप तरी काय करणार. गिटच्या कमांड्सची नावं मात्र अजून गोंधळात टाकतात, एकटं चेकआउट इतकी वेगवेगळी कामं करायचं की 2019 मध्ये त्यातून स्विच आणि रिस्टोर वेगळे काढावे लागले, नवीन शिकणाऱ्यांनी थेट तेच शिकावं.

विंडोजवर असाल तर एव्हरीथिंग नावाचं टूल टाकाच, फाइलचं नाव टाइप करता करता यादी समोर येते, कारण ते एकेक फोल्डर धुंडाळत नाही, डिस्कवरची फाइल्सची मूळ यादीच वाचतं. जेसन या फॉरमॅटमधल्या डेटातून हवं ते काढायला जेक्यू. त्याची भाषा विचित्र आहे, मला अजून दरवेळी मॅन्युअल उघडावं लागतं, पण एपीआयच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून आलेल्या, भल्यामोठ्या उत्तरातून एक फील्ड काढायचं तर दुसरं काही नको वाटतं.

आणि एफझेडएफ, अर्धवट आठवणाऱ्या तुकड्यांवरून यादीतली ओळ शोधून देणारं टूल. हे नसेल तर मला दुसऱ्याच्या मशीनवर काम करवत नाही. कंट्रोल-आर दाबलं की जुन्या सगळ्या कमांड्स, त्यात अर्धवट आठवणारे दोन तुकडे टाकायचे, मधलं काही आठवायची गरज नाही, सापडते. फक्त टाकल्यावर दोन गोष्टी लगेच करा. बॅशची (टर्मिनलमधल्या कमांड्स चालवणाऱ्या शेलची) हिस्टरी, म्हणजे जुन्या कमांड्सची यादी, मूळ सेटिंगला 500 ओळींचीच असते, ती वाढवा, नाहीतर शोधायला काही उरणारच नाही. दुसरं म्हणजे बॅशच्या हिस्टकंट्रोल या सेटिंगमध्ये इग्नोरस्पेस लावून घ्या, मग कमांडच्या आधी एक स्पेस दिली की ती हिस्टरीत जात नाही. पासवर्ड किंवा टोकन असलेली कमांड अशीच चालवा, कारण हिस्टरी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून असते आणि ती वाचायला एफझेडएफ सुद्धा लागत नाही.