मिक्सर चांगला, पण आवाजाची तक्रार करताना शब्द नीट निवडा

750 वॅटचा, तीन जारवाला मिक्सर, घेऊन आठ महिने झाले. वाटणाबद्दल तक्रार शून्य, ओलं खोबरं-लसूण अगदी गंधासारखं बारीक होतं, इडलीचं पीठ पण छान निघतं. पण सहाव्या महिन्यात मधल्या जारमधून असा आवाज यायला लागला की आई पोळ्या लाटायच्या थांबवून कानावर हात ठेवायची. फळ्यावर नख ओढलं की दात शिवशिवतात ना, तस्सं. जार न लावता मोटर चालवली तर काही नाही, जार बसवला की सुरू.

कंपनीचं अ‍ॅप फक्त इंग्लिशमध्ये. मी लिहिलं, 'मेकिंग लाउड नॉइज'. दोन दिवसांनी उत्तर आलं की एवढ्या वॅटची मोटर आहे, आवाज नॉर्मल आहे, आणि तक्रार बंद! भयंकर राग आला. पण नंतर लक्षात आलं, लाउड म्हणजे मोठा, आणि आमचा आवाज मोठा नव्हताच, कर्कश होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झमधले आवाज आपल्याला सगळ्यात जास्त टोचतात, मग ते फार मोठे नसले तरी. 2012 मध्ये न्यूकॅसल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी लोकांना 74 आवाज ऐकवले होते, त्यात बाटलीवर सुरी घासल्याचा आवाज सगळ्यात नकोसा ठरला. आमच्या जारचा त्याच जातीतला.

मग भाचीला बसवलं शेजारी. ती म्हणाली, मामी, स्क्वीक लिहू नकोस, स्क्वीक म्हणजे बिजागरी कुरकुरते किंवा उंदीर ची ची करतो तेवढं छोटंसं. व्हाइन म्हणजे डास कानाशी आल्यावर येतो तसा बारीक एकसुरी, तो लिहिलास तर ते मोटर बघतील. स्क्वील म्हणजे गाडीचा ब्रेक लागताना लांबत जातो तो, आणि श्रिल शिट्टीला किंवा कुणाच्या चिरक्या आवाजाला म्हणतात. तुझा स्क्रीच आहे, धातूवर धातू घासून किंचाळल्यासारखा. आपल्याकडे या सगळ्याला कर्कश म्हणून मोकळं होतो, आणि करकर म्हटलं तर नवी कोल्हापुरी आठवते, ती तर ऐकायला छान वाटते.

'हाय पिच्ड स्क्रीचिंग, ओन्ली विथ मीडियम जार' एवढंच लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी माणूस घरी! त्याने जार उलटा केला, खालचा कपलर, म्हणजे मोटरवर बसणारी चकती, हाताने फिरवला आणि म्हणाला ताई, बुश गेलाय. पात्याचा दांडा ज्या पितळी नळीत, म्हणजे बुशमध्ये फिरतो, तो वंगण जाऊन कोरडा पडला होता, मोटर मिनिटाला 18,000 च्या आसपास फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला 300, त्यात कोरडा धातू अडकतो-सुटतो अडकतो-सुटतो आणि तोच आवाज होतो. वीस मिनिटांत नवीन बुश बसला, वॉरंटीत असल्यामुळे पैसे नाही घेतले. चालू केल्यावर आई नुसती बघत राहिली.

मिक्सरला चार स्टार, आलेल्या माणसाला पाच, अ‍ॅपला एक, कारण तिथे मराठी तर नाहीच पण आवाज रेकॉर्ड करून पाठवायची सोय पण नाही. घेणार असाल तर बिनधास्त घ्या, फक्त जार सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवू नका, बुशमध्ये पाणी जाऊन वंगण निघून जातं, आम्ही तेच करत होतो.