थर्मास ९ महिने वापरून झाला (ग्वाल्हेर-झाशी अप-डाऊन), आणि सगळं भांडण एका रिंगवर

आधी चार स्टार देणार होते, फेब्रुवारीत एक देणार होते, आता जुलै संपत आला तरी ठरत नाहीये म्हणून लिहूनच टाकते. १ लिटरचा स्टीलचा थर्मास, दाबायच्या बटणाचं झाकण, दिवाळीच्या सेलमध्ये ११९९ ला घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना झाकणाच्या रडगाण्यावरून कळेलच.

घेतला कोहऱ्यासाठी. (धुकं म्हणायला पाहिजे, पण आमच्या ग्वाल्हेरात घरी मराठी बोलणारेसुद्धा कोहराच म्हणतात.) रोज झाशीला अप-डाऊन, शंभरेक किलोमीटर, एमएसटी (रेल्वेचा महिन्याचा पास). डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गाड्या दिल्लीकडून येतात म्हणजे मथुरा, आग्रा, धौलपूर, मुरैना असा सगळा कोहरा खात खात येतात, आणि अॅपवर एक तास लेट दिसणारी गाडी मुरैन्याला येईस्तोवर तीन तास लेट झालेली असते. आमच्या डब्यात एक रेल्वेतले काका आहेत त्यांना कोणी शिव्या घालायला लागलं की ते समजावत बसतात, की इंजिनात फॉग पास म्हणून जीपीएसचं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती लांब ते सांगतं, पण यंत्र असलं तरी कोहऱ्यात ताशी ७५ च्या वर जायचं नाही, आणि पुढचं दिसतच नसेल तर ड्रायव्हर त्याहून कमी ठेवतो, वर सिग्नलच्या आधी रुळावर फटाके लावलेले असतात, चाक गेलं की फुटतात म्हणजे सिग्नल आला हे कानाने कळतं. बरं, परतीला वाटतं की दक्षिणेकडून येणारी गाडी तरी टायमावर असेल, तिकडे कुठला कोहरा. पण तो रेक, म्हणजे तेच डबे, आधीच्या फेरीत लेट पोचलेला असतो, मग परत निघतोच उशिरा. म्हणजे दोन्हीकडून बसा.

तर बसायला चहा पाहिजे. पहिले दोन महिने थर्मासने खूश केलं खरं. सकाळी सव्वासहाला भरला, गाडी साडेचार तास लेट, अकराला प्लॅटफॉर्मवर ओतला तर जीभ भाजली. कंपनी २४ तास गरम म्हणते ते जाऊ द्या, २४ तास चहा कोण ठेवतं. दोन गोष्टी मी चुकून शिकले: भरायच्या आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून मग चहा; आणि दुधाचा चहा पाच-सहा तासांनी उतरतो, वास मारतो, म्हणून लांबचा लेट दिसत असेल तर कोरा आल्याचा करायचा आणि लिंबू वेगळं न्यायचं. तेव्हा चार स्टार पक्के होते.

(मधेच, थर्मासशी संबंध नाही पण पैशाशी आहे. जानेवारीत वहिनींचं पुण्याचं रिझर्वेशन होतं, गाडी पाच तास लेट, त्या कंटाळून घरी आल्या आणि टीडीआर (तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज) भरला रात्री, गाडी निघून गेल्यावर. तीन तासांच्या वर लेट असेल आणि जायचंच नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण टीडीआर गाडी आपल्या स्टेशनवरून सुटायच्या आत भरायचा असतो. सतराशे रुपये गेले. अजून विषय काढायची सोय नाही.)

आता रिंग. झाकणाच्या आत खाचेत एक पांढरी सिलिकॉनची रिंग असते, पातळ, बांगडीएवढी पण नाही. ती धुवायला काढावीच लागते, नाहीतर खाचेत चहाचा काळा थर बसतो, आणि काढली की हातातून निसटते कारण ओली असते. जानेवारीच्या शेवटी झाशीला प्लॅटफॉर्मवरच्या नळाखाली झाकण धूत होते, हात थंडीने बधिर, रिंग निसटली, घरंगळत गेली ती सरळ रुळात. मी वरून बघतेय, ती खडीत दिसतेय, आणि समोरून मालगाडी.

लोक म्हणतील एवढ्याशा रिंगचं काय. तर सगळं रिंगचंच आहे. ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ही दुहेरी भिंतीची बाटली केली, मधे हवाच नाही म्हणून भिंतीतून उष्णता जायला वाट नाही. वाट उरते ती तोंडाची. म्हणजे ११९९ मधलं सगळं स्टील आणि सगळी पोकळी एका बाजूला आणि ती रिंग एका बाजूला. दुसऱ्या दिवशी रिंगशिवाय नेला तर मधलं डबरा स्टेशन यायच्या आत चहा कोमट, आणि पर्समध्ये सांडला तो वेगळा, पासबुकाला अजून आल्याचा वास येतो.

कस्टमर केअरला फोन केला. गाडी लेट असल्यामुळे वेळ भरपूर होता, बावीस मिनिटं त्यांची सनई ऐकली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली मॅम रिंग सेपरेट येत नाही, पूर्ण झाकण घ्यावं लागेल, ४४९ अधिक ८० कुरियर. म्हटलं वॉरंटी? तर पाच वर्षांची वॉरंटी आहे पण ती व्हॅक्यूमवर, रबर पार्टवर नाही. अहो व्हॅक्यूमला काय होणारे, तिथे काहीच नाहीये! बिघडणार ते झाकणच, आणि नेमकं तेच वॉरंटीत नाही. ५२९ रुपये म्हणजे जवळजवळ अर्धा थर्मास. तीन वेळा मेल केली, तिन्ही वेळा तेच उत्तर, फक्त सही करणाऱ्याचं नाव वेगळं. त्या रात्री एक स्टार लिहायला घेतला होता, नेट गेलं म्हणून राहिला.

मग सासूबाई म्हणाल्या पाटणकर बाजारात कुकर दुरुस्त करणारा बसतो त्याला दाखव. त्याने झाकण फिरवून बघितलं, डब्यातून पाच-सहा रबरं काढली, एक बसवलं, ब्लेडने जरासं तासलं, म्हणाला पंद्रह रुपये. मी दोन घेतली, पंचवीसला दिली. गळत नाही. गरम राहतं, पहिल्यासारखं साडेचार तास नाही पण तीन-साडेतीन तास फुंकर मारावी लागते इतकं. पहिले पंधरा दिवस चहाला रबराचा वास होता हे पण खरं सांगते, सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवल्यावर गेला.

माझं मत खरं बदललं ते मे महिन्यात. कोहऱ्यासाठी घेतलेली वस्तू लूमध्ये (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात) कामाला येईल असं डोक्यातच नव्हतं. ४५ च्या वर पारा, पत्र्याखालचा प्लॅटफॉर्म, बाकाला हात लावला तर चटका, आणि गाडी इथेही लेट, कारण काका म्हणतात उन्हाने रूळ लांबतात, वाकायची भीती असते म्हणून गँगवाले भर दुपारी पायी लाइन बघत फिरतात आणि काही ठिकाणी वेग कमी करायला लावतात. (त्या माणसांना कोण थर्मास देतं कोण जाणे.) सकाळी सातला बर्फ घालून पाणी भरलं तर संध्याकाळी सहाला आत बर्फ खुळखुळत होता, पंधरा रुपयांच्या रिंगवर! फक्त तोंड अरुंद आहे, ट्रेमधला बर्फ जात नाही, खलबत्त्यात फोडावा लागतो, सकाळी सकाळी शेजारी विचारतात काय कुटताय. आणि भरल्यावर वजन खांद्याला कळतं, अर्ध्या लिटरचा घेतला असता तर बरं झालं असतं.

पावसात वेगळं काही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिंध नदीला पूर येऊन दतिया जिल्ह्यातले पूल वाहून गेले तेव्हापासून पाऊस लागला की सासूबाई दोन दशम्या जास्त देतात, थर्मास आणि दशम्या, एवढंच.

हिशोब म्हणाल तर प्लॅटफॉर्मचा चहा १० चा, दिवसाला दोन, बावीस दिवसांचे ४४०, म्हणजे तीन महिन्यांत वसूल. असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे डब्यातल्या लोकांबरोबर एक चहा अजून होतोच, आणि माझ्या थर्मासमधले दोन कप रोज काकांना जातात, तेव्हा वसूल व्हायला अजून एक हिवाळा लागेल.

तीन स्टार. दीड थर्मासला, दीड कुकरवाल्याला. घेणाऱ्यांनी आधी विचारा रिंग सुटी मिळते का, नाही म्हणाले तर दुसरा बघा. माझी दुसरी रिंग पासच्या पाकिटात असते. आणि धुऊन बसवल्यावर नीट बसली की नाही ते पाणी भरून, उलटा धरून, बेसिनवर हलवून बघा, डब्यात नको. काकांच्या स्वेटरवर बघून झालंय.