फोंड्याजवळची नर्सरी आणि तिथला हायड्रेंजिया: पाचपैकी तीन तारे

आमच्या चिऱ्यांच्या गडग्याला लागून फणसाच्या सावलीतला लांबट वाफा आहे. सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं, म्हणून गुलाब तिथे नांदत नाही. गेल्या वर्षी डिसेंबरात फोंड्याजवळच्या एका नर्सरीतून हायड्रेंजियाची, म्हणजे गेंदासारखे फुलांचे झुबके धरणाऱ्या झुडपाची, रोपं आणली, साडेतीनशेला एक.

रोपं खणखणीत. पानांखाली कीड नाही, मुळांचा गुंता नाही. तिथला कामाचा पोरगा आधी विचारतो, दुपारचं ऊन पडतं का, पाणी तुंबतं का. मगच रोप काढून देतो. त्याच्याच सांगण्यावरून शेणखत आणि काथ्याचा भुसा घालून वाफा उंच केला, आणि आपल्या धो धो पावसातही एक मूळ कुजलं नाही.

मालकाचं तसं नाही. तो गल्ल्यावर असला की सगळंच ‘बारमाही फुलतं’. अहो, हे झाड मूळचं जपानचं! कळी धरायला त्याला काही आठवडे 18 अंशांखालची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतली पहाटही 20च्या आसपास. विकायला ठेवलेलं रोप बहुधा थंड गावाहून कळ्या धरूनच आलेलं असतं. यंदा आमच्याकडे पानं हाताएवढी झाली आणि गेंद आले दोन. मला त्या गर्द हिरव्या पानांचंही कौतुक आहे, पण फुलांसाठी घेणाऱ्याला हे आधी सांगायला नको?

फुलं निळी व्हावीत म्हणून पुडीही गळ्यात मारतात. ती घेऊ नका. आणलं तेव्हा गुलाबी होतं, आमच्या तांबड्या मातीत आपोआप जांभळट निळं झालं. मातीचा सामू (pH, आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) 5.5च्या खाली असला की त्यातलं ॲल्युमिनियम झाडाला मिळतं, रंग त्याचाच. समुद्राकाठच्या शिंपल्यांच्या रेतीत मात्र ते गुलाबीच राहील.

छाटणी गेंद सुकल्यावर लगेच, तीही खालच्या टपोऱ्या डोळ्यांपर्यंतच. उशिरा छाटलं तर पुढची कळीच जाते. एप्रिलमध्ये दुपारी पानं माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. घाबरून पाणी ओतत बसू नये.

एक गोष्ट नर्सरीत कुणीच सांगितली नाही: पानं विषारी असतात. गडग्याला खिंडार असेल आणि शेजारच्या गायी आत शिरत असतील, तर आधी ते बुजवा.